वाचवलेला ससा पहिल्या आठवड्यात का दगावतो? या चुका टाळा

एप्रिलअखेर शाळांच्या परीक्षा संपल्या की बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरी फोन सुरू होतात. "ताई, आम्ही महिनाभर गावी चाललोय, ससा तुमच्याकडे ठेवाल का?" महिनाभर म्हणजे कायमचा, हे मी आता आवाजावरून ओळखते. गेल्या वर्षी असाच एक पांढरा ससा सफरचंदाच्या खोक्यातून आला. खोक्यात अर्धी पोळी आणि ग्लुकोज बिस्किटांचा चुरा. नखं वाढून बाजूला वळलेली. जाळीच्या तळावर बसून बसून मागच्या पायांच्या टाचांचे केस गेलेले, खाली लाल कातडी. आणि कानांच्या आत जुन्या भिंतीला सुटतात तसे पोपडे, एकावर एक.

असा जीव समोर आला की हात शिवशिवतात. आंघोळ घालावी, पोटभर खायला द्यावं, मांडीवर घेऊन थोपटावं. माझ्या पहिल्या सशाला मी हे तिन्ही केलं. दुर्लक्ष सोसत तो वर्षभर जगला होता, माझी माया त्याला तीन दिवस पुरली. तेव्हापासून खोकं उघडलं की मी आधी स्वतःचे हात आवरते.

"बिचारा उपाशी आहे, घाला त्याला भरपूर"

सगळ्यात जास्त ससे या वाक्यानं जातात. ससा आणि गिनी पिग दोघांचंही अन्न पोटात कमी आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत जास्त पचतं. तिथले जिवाणू गवत आंबवतात. जो प्राणी सहा महिने पोळी-बिस्किटावर राहिला, त्याचे जिवाणूही तशाच अन्नाला सरावलेले असतात. त्याच्यापुढे एकदम गाजरं, कोबी, मूठभर हरभरे आणि पेलेटची, म्हणजे विकत मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांची, वाटी ठेवली, की भलतेच जिवाणू माजतात. मग गॅस धरतो, जुलाब होतात किंवा आतडं थांबतं.

म्हणून आधी जे खात होता तेच थोडं ठेवा, हे कितीही चुकीचं वाटलं तरी. सोबत गवत मात्र हवं तेवढं. मग सात ते दहा दिवसांत जुनं खाणं कमी करत बंद करा. हिरवा पाला एकावेळी एकच, तोही पानभर: आज कोथिंबीर, दोन दिवसांनी मुळ्याचा पाला. लेंड्या घट्ट राहिल्या तर पुढचा. गाजर म्हणजे पेढा समजा, बोटाच्या पेराएवढं आणि रोज नाही. कांदा, लसूण, बटाटा, अळू अजिबात नको.

आता खास बडोद्याची चूक. इथे चारा म्हटलं की रजको. देवळाबाहेर गायीला घालायला जुड्या विकायला बसतात, उत्तरायणाला तर रस्तोरस्ती ढीग असतात. हिरवागार, स्वस्त, आणि ससा त्याच्यावर तुटून पडतो. आपली लसूणघास ती हीच. वाढत्या पिलाला, गाभण मादीला ती चालते. पण मोठ्या सशाला रोजचं अन्न म्हणून ती नको, कारण तिच्यात कॅल्शियम फार. ससा अन्नातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम आत घेतो आणि नको असलेलं लघवीवाटे टाकतो. ते मूत्राशयात गाळासारखं साचतं. लघवी थोडी दुधट असणं ठीक आहे, पण ती कालवलेल्या चुन्यासारखी जाड यायला लागली, ससा कुथत बसला, की रजको आठवायचा.

मग द्यायचं काय? साधं सुकं गवत, हिरवट आणि खमंग वासाचं. बुरशीचा किंवा कुबट वास आला तर ते फेकून द्या. परदेशी टिमथी गवत ऑनलाइन मिळतं, पण एक पिशवी संपवायला सशाला आठवडाही लागत नाही. आणि दूर्वा. खंडेराव मार्केटमध्ये फुलवाल्यांकडे जुड्या मिळतात. आमच्याकडे गणपतीच्या दहा दिवसांत सशांची चंगळ असते. मात्र वाहिलेल्या दूर्वा नकोत, हळदकुंकू लागलेलं असतं. सोसायटीच्या लॉनवर मशीन फिरवल्यावर निघालेलं गवतही नको. ते ढिगात गरम होऊन आंबतं.

गवताचा आग्रह एवढ्यासाठी की यांचे दात जन्मभर वाढतात, सशाचे पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते गवत चावूनच झिजतात. हनुवटी ओली राहते, घास उचलून परत टाकतो, असं दिसलं की दाढांना टोकं आली आहेत असं धरून चाला. पुढचे दात वाढले म्हणून घरच्या नेलकटरनं कापायला जाऊ नका. दात उभा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाते.

सशाची एकादशी नसते

"काल संध्याकाळपासून खात नाहीये, रुसलाय बहुतेक." हे सकाळी दहाला सांगतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. बारा तास खाणं नाही आणि लेंड्या नाहीत म्हणजे आणीबाणी. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. आतडं थांबलं की भूक मरते, भूक मेली की आतडं आणखी थांबतं, आणि मग यकृतावर चरबी चढते. गिनी पिगचंही असंच.

रोज सकाळी वर्तमानपत्र बदलताना लेंड्या नीट बघा. गोल, एकसारख्या, मोडल्यावर आत गवताचे धागे, तर उत्तम. लहान झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, एकदम कमी झाल्या, तर काहीतरी बिनसतंय. रात्रीच्या मऊ, चमकदार, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या मात्र जुलाब नव्हेत. त्या तो तोंड लावून परत खातो आणि खायलाच हव्यात. एका काकूंनी "घाणेरडी सवय" म्हणून सशाला प्लॅस्टिकची कॉलर घातली होती. ती आधी काढायला लावली.

सिरिंजनं भरवायची वेळ आली तर भिजवलेल्या पेलेटचा पातळ लगदा, तोंडाच्या बाजूनं, थोडा थोडा, गिळतोय हे बघत. पण पोट ढोलकीसारखं टणक लागलं तर एक थेंबही घालू नका. आधी डॉक्टर.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक टोपलं, एवढंच खरं उपकरण. पहिले पंधरा दिवस रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. हातात गुबगुबीत लागणारा गिनी पिग आतून किती उतरलाय हे केसांमुळे कळत नाही. त्याचं वजन दोन-तीन दिवसांत पन्नास ग्रॅम उतरलं, की तो जेवताना दिसत असला तरी डॉक्टरांना दाखवा.

आंघोळ, पावडर आणि कुत्र्याचं औषध

आंघोळ नाही. कितीही वास येत असला तरी नाही. भिजलेला ससा तासन्‌तास वाळत नाही, अंग गार पडतं आणि घाबरून जीवही जातो. बूड घाण झालं असेल तर कॉर्नफ्लोअर चोळून कंगव्यानं हळूहळू काढा, किंवा तेवढाच भाग ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडा करा. गुंता कात्रीनं कापू नका, सशाची कातडी कागदासारखी फाटते.

पावसाळ्यात मात्र हे बूड दिवसातून दोनदा बघायचं. ओलसर घाणीवर माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या मांसात शिरतात. एकदा शेजारच्या मुलानं "मावशी, याच्या शेपटीखाली तांदूळ चिकटलेत" म्हणून हाक मारली होती. तांदूळ नव्हते ते.

कानातल्या पोपड्यांना हात लावू नका. ती खरजेची कीड असते आणि खाली कातडी सोललेली असते. डॉक्टर वजनाप्रमाणे औषध देतात, दोन आठवड्यांनी पुन्हा देतात, पोपडे आपोआप गळतात. माझ्या पांढऱ्याचा डावा कान अकराव्या दिवशी आतून गुलाबी दिसला. गिनी पिगची खरूज याहून वाईट, खाजवून खाजवून त्याला झटके येतात. त्याला पकडून घासू नका.

कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं थेंबांचं औषध घरात असतंच, ते सशावर टाकू नका. त्यातल्या फिप्रोनिलनं ससे मेले आहेत. अँटिबायोटिकचंही तेच. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन माणसाला, कुत्र्याला पचतं, पण सशाच्या आणि गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू संपवून त्याला मारतं. मला एका दवाखान्यातून असंच गोड गुलाबी सिरप मिळालं होतं. घरी येऊन बाटली वाचली म्हणून बरं. तेव्हापासून फोनवरच विचारते, "डॉक्टर, तुम्ही ससे नेहमी बघता का?" इथे कुणाला जमत नसेल तर आणंदचं व्हेटर्नरी कॉलेज गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे.

गिनी पिग म्हणजे छोटा ससा नव्हे

आपल्यासारखंच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, सशाच्या शरीरात होतं. म्हणून सशाच्या पेलेटवर ठेवलेला गिनी पिग काही आठवड्यांत लंगडायला लागतो. सांधे सुजतात, उचलला की किंचाळतो, केस राठ होतात. घरचे म्हणतात पाय मुरगळला. निरोगी प्राण्याला किलोमागे रोज दहा ते वीस मिलिग्रॅम लागतं, आजारी किंवा गाभण असेल तर जास्त. पाण्यात थेंब घालण्यावर भरवसा ठेवू नका. उजेडात ते लवकर निकामी होतं, शिवाय पाण्याची चव बदलली की प्राणी पाणीच सोडतो. सिमला मिरचीची एक फोड रोज द्या. हिवाळ्यात आवळ्याची पातळ चकती किंवा पेरूची छोटी फोड.

सशाबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवण्याची हौस तर सर्रास. सशाची एक लाथ गिनी पिगच्या बरगड्यांना पुरते. त्यातून सशाच्या नाकात बोर्डेटेला नावाचा जंतू काही लक्षण न दाखवता राहतो, आणि तोच गिनी पिगला न्यूमोनिया देतो.

आणि "दोघी बहिणी आहेत, दुकानदारानंच सांगितलं" यावर कधीही विश्वास ठेवू नका. माझ्याकडे आलेल्या दोघी बहिणींनी पाचव्या आठवड्यात तीन पिल्लं दिली, डोळे उघडे, अंगभर केस, दुसऱ्या दिवशी कोथिंबीर कुरतडणारी. गिनी पिगचे दिवस साधारण ५९ ते ७२ असतात. म्हणून मादी आली की मी कालनिर्णयवर बहात्तरावा दिवस गोल करून ठेवते आणि तोवर तिला गाभण समजूनच वागवते. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासूनही वेगळी करायची. सशाची मादी ३१ दिवसांत विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नराची नसबंदी केल्यावरही महिना-दीड महिना त्याला मादीजवळ सोडू नका.

नवा आलेला प्राणी घरच्यांपासून निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. गजकर्ण असेल तर ते मुलांच्या हातावरही उठतं.

मे महिना

सशाला घाम येत नाही, उष्णता तो कानांतून टाकतो. तिशीच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीवर, गॅलरीत, पत्र्याखाली पिंजरा ठेवणं म्हणजे खून. तळमजल्यावर, कोटा लादीवर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. गळका माठ आडवा करून बाहेरून ओला ठेवला की ससा आत जाऊन पसरतो, मी दर वर्षी कुंभाराकडून तडे गेलेले दोन माठ आणते. धापा टाकत आडवा पडला तर साध्या पाण्यानं कान पुसा आणि डॉक्टरांकडे पळा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

मांडीवर उताणा केलेला ससा डोळे उघडे ठेवून निपचित पडतो त्याला लोक "किती शांत झाला" म्हणतात. तो मेल्याचं सोंग घेत असतो, भीतीनं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. मागचे पाय लोंबते राहिले आणि त्यानं झटका दिला तर त्याचा कणा मोडतो, त्याच्याच ताकदीनं. कान धरून उचलणाऱ्यांशी मी भांडते.

शेवटची चूक बहुतेकांना पुण्य वाटते: कमाटीबागेत मोकळा सोडणं. घरातला ससा हा युरोपातल्या जंगली सशाचा पाळीव वंश, आपल्या रानातल्या सशाशी त्याचं नातं दूरचं. पांढरा रंग, कुत्र्याची ओळख नाही, बीळ खणायला जागा नाही. एक रात्रही निघत नाही. शिवाय १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पाळीव प्राणी असा टाकून देणं गुन्हा आहे.

खोक्यातून आलेला पांढरा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात १ किलो ८५० ग्रॅम झाला, आला तेव्हा १ किलो ३०० होता. मूळ घरचे गावाहून परतले, फोन आला, "ताई, आमचा ससा न्यायला कधी येऊ?" मी विचारलं, पिंजऱ्याच्या तळाला अजून जाळीच आहे का? पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग "बघून सांगतो" म्हणाले. तो अजून माझ्याकडेच आहे, माठाच्या तोंडाशी बसून दूर्वा चघळतोय.