वृद्धाश्रमात भेटायला जाताना काय काळजी घ्यावी

माझी आत्या वृद्धाश्रमात राहते. एका पावसाळ्यात मी साधी सर्दी म्हणून तशीच गेले. आठवड्याभरात तिच्या खोलीतल्या चौघी खोकत होत्या. माझ्यामुळेच, असं सांगता येणार नाही, पण तेव्हापासून मी जाण्याची पद्धत बदलली.

आदल्या दिवशी. ताप, खोकला, घसादुखी, डोळे आलेले, अंगावर खाज किंवा पुरळ यातलं काहीही असेल तर भेट पुढे ढकला. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यावर पूर्ण 48 तास जाऊ द्या. आश्रमात फोन करून तिथे साथ आहे का तेही विचारा. फ्लू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरू शकतो, म्हणून घरात कुणी आजारी असेल तर आपण ठणठणीत असलो तरी न गेलेलं बरं.

लस. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, त्यामुळे मे महिन्यातच डॉक्टरांशी बोला. स्वतःसाठी आणि आश्रमातल्या आपल्या माणसासाठीही.

पोहोचल्यावर. आधी हात. अंगठी काढून साबणाने 40 ते 60 सेकंद धुवा. अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखं हमखास राहतात. सॅनिटायझर चालतो, पण जुलाब-उलट्यांचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत, मळक्या हातावरही तो कुचकामी ठरतो. पाया जरूर पडा, फक्त त्यानंतर घास भरवण्याआधी पुन्हा हात धुवा.

खाऊ. मी पेढ्यांचा बॉक्स न्यायचे. तो या पलंगावरून त्या पलंगावर फिरायचा आणि प्रत्येकीची बोटं त्यात. आता केळी नेते: ज्याचं त्याने सोलून खावं. मधुमेहाचं मात्र आधी विचारून घ्या.

बसताना. शक्यतो व्हरांड्यात बसा, नाहीतर खिडक्या उघडा. पलंगावर बसू नका. लघवीची पिशवी, जखमेची पट्टी यांना हात लावू नका. मास्कची खरी अडचण कमी ऐकू येणाऱ्यांना होते, कारण ओठ दिसत नाहीत. आत्यासाठी मी शाळेतली पाटी नेते. मी खडूने लिहिते, ती मोठ्याने वाचते आणि शुद्धलेखनाच्या चुका काढते.

परत आल्यावर. हात धुवा. दोन-तीन दिवसांत तुम्हाला ताप-खोकला आला तर आश्रमाला लगेच कळवा. संकोच वाटतो, तरी कळवाच. त्यांना वेळेवर लक्ष ठेवता येतं. म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण सोडणं, तोल जाणं हीसुद्धा संसर्गाची लक्षणं असू शकतात.

साथीमुळे भेटी बंद असतील तर खिडकीबाहेरून भेट किंवा व्हिडिओ कॉल मागून घ्या. माणूस शेवटच्या दिवसांत असेल तर मात्र घरच्या एकाला तरी मास्क लावून आत सोडा, असा आग्रह धरा.