त्रैक्य समजावताना या चुका टाळा

पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा असे तिघं, तरी देव एकच, ही ख्रिस्ती शिकवण म्हणजे त्रैक्य. ती समजावताना संडे स्कूलमध्ये मी कितीतरी वर्षं पाणी, बर्फ आणि वाफ हेच उदाहरण देत आले. एकच पाणी, तीन रूपं. मुलांना पटकन पटायचं. मग एकदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, येशू यार्देन नदीत होता तेव्हा आकाशातून कोण बोललं?"

त्या प्रश्नापुढं माझं उदाहरण टिकलं नाही. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि स्वर्गातून पित्याची वाणी येते. तिघंही एकाच वेळी! एकच देव आळीपाळीनं तीन रूपं घेतो, ही शिकवण तिसऱ्या शतकातल्या साबेलियसच्या नावानं ओळखली जाते आणि मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ती नाकारली. "एकच माणूस घरी बाप, ऑफिसात साहेब" हेही त्याच वाटेनं जातं. तसं असेल, तर गेथशेमाने बागेत येशू कोणाला विनवत होता?

बेलाचं पानही नको. प्रत्येक दल म्हणजे पानाचा एक हिस्सा; पुत्र मात्र एक तृतीयांश देव नाही, पूर्ण देव आहे.

आपल्याकडं त्रिमूर्तीची तुलना हमखास निघते. पण तिथं उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली आहेत. त्रैक्यात तशी वाटणी नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव निर्माण करतो तेव्हा त्याचा आत्मा जलांवर असतो, आणि योहान सांगतो की सगळं शब्दाच्या, म्हणजे पुत्राच्या, द्वारे झालं.

सगळ्यात जास्त घोटाळा 'पुत्र' या शब्दानं होतो. मुलगा बापानंतरच जन्मणार, असं आपण धरून चालतो. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियसही म्हणायचा की पुत्र नव्हता अशी एक वेळ होती. त्यावर 325 साली निकीयाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, परिषद भरली. पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', एकाच तत्त्वाचा आहे, असं तिनं ठरवलं. तो जन्मलेला आहे, घडवलेला नाही. सुतार खुर्ची घडवतो, पण त्याच्या पोटी जन्मतं ते माणूसच. हा जन्म अनादि आहे, तिथं आधी-नंतर नाही, एवढं मात्र आवर्जून सांगावं लागतं.

पवित्र आत्मा म्हणजे नुसती शक्ती, असंही अनेकजण समजतात. प्रेषित पौल इफिसकरांना, म्हणजे इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो की आत्म्याला खिन्न करू नका. वीज खिन्न होत नाही.

आता मी उदाहरणानं सुरुवातच करत नाही. मत्तय 28:19 फळ्यावर लिहिते: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. 'नावाने'खाली रेघ ओढते आणि मुलांना विचारते, तिघं असताना 'नावांनी' का नाही? मूळ ग्रीकमध्येही तो शब्द एकवचनीच आहे. मग यार्देनची गोष्ट वाचायला घेतो.