तीन मजली केक: सजवायचा कसा, भाव सांगायचा कसा

"ताई, किलोला काय भाव?" नाशकात केकची ऑर्डर बहुतेक वेळा याच प्रश्नाने सुरू होते. वाढदिवसाच्या अर्ध्या किलोच्या केकला तो ठीक आहे. तीन मजली केकचा भाव मात्र किलोवर सांगू नका. अशा केकवर सामानापेक्षा आपले तासच जास्त खर्ची पडतात. आधी सजावट ठरवा, तिचे तास मोजा, मगच आकडा सांगा.

सुरुवात मापापासून. 6, 8 आणि 10 इंचांचे थर, प्रत्येक 4 इंच उंच, हा नेहमीचा मेळ. उंची सारखी असली की वजन 9, 16, 25 या प्रमाणात वाढतं. वरचा थर सव्वा किलोचा भरला, तर मधला सव्वादोन आणि खालचा साडेतीनच्या आसपास जातो. एकूण 7 किलो, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर जणांना नीट तुकडा. पाहुणे दोनशे असतील तर चौथा मजला चढवू नका. त्याच चवीचा साधा चौकोनी केक वेगळा द्या, तो आतल्या आत कापून वाढता येतो. ग्राहकाचेही पैसे वाचतात.

फॉन्डंटची, म्हणजे लाटता येणाऱ्या साखरेच्या लगद्याची, फुलं आठवडाभर आधी करून ठेवा. पावसाळ्यात ती लवकर वाळत नाहीत, तेव्हा आणखी दोन दिवस हाताशी धरा. स्पंज दोन दिवस आधी भाजा. आदल्या दिवशी थर भरून पातळ क्रम्ब कोट, म्हणजे चुरा धरून ठेवणारा पहिला लेप, द्या, फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या आणि मग शेवटचा हात फिरवा.

उन्हाळ्यात लग्न लॉन्सवर असेल तर नुसत्या व्हीप क्रीमवर विसंबू नका. मे महिन्यात इथे पारा चाळिशीला टेकतो. गनाश वापरा: डार्क चॉकलेट 2 भाग आणि क्रीम 1 भाग, व्हाइट चॉकलेट असेल तर 3 भागांना 1. वरून फॉन्डंट घालायचा असेल तर तीन थरांना मिळून सव्वादोन किलो लागतो. फॉन्डंटचा केक फ्रीजमधून काढला की त्याला घाम फुटतो. तेव्हा त्याला हात लावू नका, पुसूही नका. पंख्याखाली तो आपोआप सुकतो.

आता आधार. इथे काटकसर करायचीच नाही. प्रत्येक थराखाली त्याच्याच मापाचा बोर्ड, सगळ्यांच्या खाली 14 इंचांचा जाड बोर्ड. खालच्या थरात 5 आणि मधल्या थरात 4 डॉवेल (आधाराच्या काड्या) किंवा जाड स्ट्रॉ, सगळे एका उंचीचे कापलेले. वरचं वजन या काड्यांनी पेलायचं असतं, स्पंजने नाही. पहिल्या वर्षी मी पूर्ण रचलेला क्रीमचा केक गाडीतून गंगापूर रोडला नेला आणि एका गतिरोधकावर मधला थर सरकला. नवरीच्या आईचा तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून थर वेगवेगळ्या खोक्यांत नेते आणि जागेवर रचते. शेवटी वरून खालपर्यंत एक टोकदार लांब डॉवेल घालते.

खऱ्या फुलांबद्दल थोडं सविस्तर सांगते. मुघल काळात आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, आणि गुलाब आजही इथे मुबलक मिळतो. पण बाजारातल्या गुलाबावर औषध फवारलेलं असतं. देठाला फ्लोरल टेप गुंडाळा, देठ स्ट्रॉमध्ये घाला आणि तो स्ट्रॉ केकमध्ये खोचा. कण्हेर दिसायला कितीही सुंदर असली तरी विषारी आहे, ती केकजवळ आणूच नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे छोटे घोस लावता येतात आणि फार देखणे दिसतात. ते धुऊन, एकेक मणी कोरडा करून, अखंडच लावा. कापलेल्या द्राक्षाचं पाणी क्रीमवर उतरतं.

भाव काढताना कागदावर लिहा. उदाहरणादाखल: सामान 3,200 रुपये, बोर्ड-डॉवेल-खोकी 700, गॅस-वीज आणि भांड्यांची झीज 400, पोहोचवणं आणि रचणं 600. तुमचे 16 तास, तासाला 150 प्रमाणे 2,400. बेरीज 7,300. त्यावर 20 टक्के नफा 1,460. ग्राहकाला सांगायचा आकडा 8,760. सजावट वाढली की आधी तासांची ओळ वाढते. हाताने केलेल्या पंचवीस गुलाबांना चार तास लागत असतील, तर ते चार तास बिलात दिसलेच पाहिजेत. घरची बाई घरात बसून करते म्हणून तिचा वेळ फुकट, हे ऐकून गप्प बसू नका. बजेट कमी असेल तर भाव पाडण्याऐवजी फुलं कमी करा, किंवा फॉन्डंटऐवजी गनाशचा साधा केक सुचवा. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

केक रचून झाला की त्याचा फोटो काढा. मग केटररच्या माणसाला शेजारी उभं करून सांगा: आत 9 काड्या आणि मधोमध एक लांब डॉवेल आहे. आधी लांब डॉवेल काढायचा, मग वरचा थर बोर्डासकट उचलायचा, आणि वाढण्याआधी सगळ्या काड्या मोजून बाजूला ठेवायच्या.