सीव्हीएस पहिल्यांदा वाचताना

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला फिजिओलॉजीत सीव्हीएस, म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्यांचा भाग, सुरू झाला की सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, निम्म्या वह्यांत तीच आकृती दिसेल: अर्धं हृदय लाल, अर्धं निळं आणि बाणांवर बाण. उजवं एट्रियम (वरचा कप्पा), उजवं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा), फुप्फुसं, डावं एट्रियम, डावं व्हेंट्रिकल, एओर्टा (महारोहिणी). हा रस्ता पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. पंचाईत होते ती व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत. तिथे रस्ता कुणी विचारत नाही, ‘रक्त पुढेच का जातं?’ असं विचारतात आणि भलेभले छताकडे बघायला लागतात.

म्हणून ज्युनिअर्सना मी सांगते, बाण कमी काढा आणि प्रत्येक ठिकाणी दाबाचा आकडा लिहा. डावं व्हेंट्रिकल आकुंचन पावतं तेव्हा 120 मिलिमीटर पारा, केशवाहिनीच्या सुरुवातीला साधारण 35, तिच्या शेवटाला 15, उजव्या एट्रियममध्ये जवळपास शून्य. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, एवढाच नियम. झडपा फक्त मागचा रस्ता बंद करतात. उजव्या व्हेंट्रिकलला 25 पुरतात, कारण फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या फारसा विरोध करत नाहीत. डिसेक्शन हॉलमध्ये कापलेलं हृदय हातात आलं की दोन्ही भिंती चिमटीत धरून बघा. डावी उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड लागते. एकदा बोटांना कळलं की मग विसरायला होत नाही.

आता आकड्यांकडे पुन्हा बघा. सगळ्यात मोठी घसरण आर्टेरिओल्समध्ये, म्हणजे केशवाहिन्यांच्या आधीच्या बारीक रोहिण्यांत आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे या बारीक वाहिन्या जरा आवळल्या-सैलावल्या तरी बीपी हलतं. पुढे ओपीडीत बसाल तेव्हा ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेणारे एखादे आजोबा म्हणतील, ‘डॉक्टर, बीपी उतरलं, पण घोटे सुजतात.’ गोळीनं आर्टेरिओल्स सैल केल्या, पुढच्या केशवाहिनीतला दाब वाढला आणि पाणी बाहेर झिरपलं. पहिल्या वर्षाचा हा भाग नीट झाला असेल तर ही तक्रार वेगळी पाठ करावी लागत नाही.

केशवाहिन्यांत रक्ताचा वेग सेकंदाला मिलिमीटरभरही नसतो. एकेक वाहिनी केसाहून बारीक, पण सगळ्यांचा मिळून पसारा प्रचंड. मुठेचं पात्र जिथे पसरतं तिथे पाणी संथ होतं, तसंच. ऑक्सिजनच्या देवाणघेवाणीला हा संथपणा लागतोच.

इतिहास बहुतेक जण सोडून देतात. विल्यम हार्वे हा इंग्रज डॉक्टर मात्र सोडू नका, कारण त्यानं हे सगळं हिशेबानं पटवलं. 1628 साली त्याचा ग्रंथ आला. रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरात खर्ची पडतं, असं तोवर मानत. आजच्या आकड्यांत तो हिशेब असा: एका ठोक्याला 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे 5 लिटर. शरीरात एकूण रक्तच साधारण तेवढं. दर मिनिटाला नवं 5 लिटर रक्त कुठलं यकृत बनवणार? म्हणजे तेच फिरतंय. रोहिण्यांतून शिरांत ते जातं कसं, हे मात्र हार्वेला दिसलं नाही. केशवाहिन्या मालपिगी या इटालियन शास्त्रज्ञानं 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, तोवर हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती.

त्याचा एक प्रयोग मेसच्या टेबलावरही होतो. दंडाला रुमाल बेताचा बांधा, मनगटाची नाडी लागत राहील इतपत. हातावरची फुगलेली शीर निवडा. मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटानं शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेनं पुढच्या गाठीपलीकडे सारा आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो. ती गाठ म्हणजे झडप. आता खालचं बोट उचला, शीर खालून भरते.

प्रॅक्टिकलला बीपी घेताना घाई नडते. आधी नाडीवर बोट ठेवून दंडावरचा कफ (हवेचा पट्टा) फुगवा, नाडी कुठे जाते ते बघा, हवा सोडा. मग स्टेथोस्कोप लावून त्याच्या 30 वर चढवा आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या वेगानं उतरवा. काही पेशंटमध्ये आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा येतो. पहिली पायरी गाळणारा नेमका तिथेच फसतो. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे, लक्षात असू द्या.

व्यायामाचा धडा वाचायच्या आधी बीपीचं मशीन घेऊन मित्रांबरोबर पर्वती चढा. वर पोचताच एकमेकांचं बीपी घ्या. वरचा आकडा चढलेला असेल, खालचा बहुधा होता तिथेच, कारण स्नायूंतल्या आर्टेरिओल्स उघडलेल्या असतात. नाडीही मोजा. ती फार वाढली की डायस्टोल (दोन ठोक्यांमधला हृदय सैल असण्याचा वेळ) आखडतो आणि डाव्या व्हेंट्रिकलच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः डायस्टोलमध्येच. अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) पेशंटला नाडी हळू करणारी गोळी का देतात, ते इथून सुटतं. ईसीजीला हात त्यानंतर घाला. पहिल्याच आठवड्यात त्या रेघांत शिरलेले बरेच जण आठवडाभर बाहेर येत नाहीत.