मांडीवर बाळ नसलेली बाळंतीण : घरच्यांनी काय करावे

आपल्या खान्देशात लेक बाळंतपणासाठी माहेरी आली की बाज टाकली जाते, शेगडी पेटते, ओव्याची धुरी दिली जाते आणि डिंकाचे लाडू वळले जातात. मात्र त्याच लेकीने नवजात बाळ दत्तक देण्यासाठी सोपवले, तर ‘आता बाळच नाही, मग बाळंतपण कसले’ असे म्हणून हे सारे थांबते. माझ्या जवळच्या नात्यातील एका मुलीच्या वेळी मी हे पाहिले आहे आणि काही चुका माझ्या हातूनही झाल्या आहेत, म्हणून हे लिहीत आहे. ती बाळंतीण आहे आणि सव्वा महिन्याची सेवा हा तिचा हक्क आहे, एवढे घरातील प्रत्येकाने आधी मान्य करावे.

बाळ सोपवण्याचा निर्णय तिचाच असला पाहिजे. आई-वडील, भाऊ, मामा यांनी आपल्या अब्रूच्या चिंतेने तो तिच्यावर लादू नये आणि तिचा निर्णय झाल्यावर रडून-भांडून तो फिरवण्याचाही प्रयत्न करू नये. निर्णयामागे केवळ पैशांची अडचण असेल, तर आपण किती आणि किती काळ मदत करू शकतो हे तिला एकदा नेमके सांगावे, म्हणजे तिच्यापुढे खरा पर्याय राहील. त्यानंतर तो विषय तिच्यावर सोडावा.

कायदेशीर वाट ठाऊक असली की अर्धी भीती ओसरते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 35 नुसार बाळ जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे सोपवावे लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी नियम हाच आहे. समिती आधी चौकशी आणि समुपदेशन करते आणि मगच समर्पणपत्र, ज्याला कार्यालयात सर्रास ‘सरेंडर डीड’ म्हणतात, लिहून घेतले जाते. विवाहित दांपत्याचे बाळ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. अविवाहित मातेची एकटीची सही पुरते. ही सर्व माहिती गोपनीय ठेवली जाते. समितीपर्यंत कसे पोहोचावे हे कळत नसेल तर 1098 या क्रमांकावर विचारावे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

सही केल्यानंतर विचार बदलण्यासाठी कायदा 60 दिवस देतो. सहीची तारीख आपण स्वतः टिपून ठेवावी आणि साठावा दिवस कोणता, हे तिला अगोदरच शांतपणे सांगावे. या काळात ती ‘बाळ परत आणू या’ म्हणाली, तर तो वेडेपणा समजू नये. तिच्यासोबत समितीकडे जावे. मुदत संपल्यावर समिती बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करू शकते आणि मग मागे फिरता येत नाही, हेही तिच्यापासून लपवू नये.

‘एक चांगले घर आहे, दवाखान्याचा खर्चही ते देतील’ असे सांगणारा मध्यस्थ हमखास भेटतो. त्याला दारातूनच परत पाठवावे. मूल विकणे किंवा विकत घेणे हा याच अधिनियमाच्या कलम 81 खाली गुन्हा असून त्यासाठी 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड आहे. त्यात दवाखान्याचा कर्मचारी सामील असेल तर शिक्षा 3 ते 7 वर्षांची आहे. मुलगी 18 वर्षांखालील असेल, तर पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते. ते टाळण्यासाठी घरीच बाळंतपण उरकण्याचा विचार कोणी करू नये, कारण त्यात तिच्या जिवाला धोका असतो.

दवाखान्यात बाळाला पाहायचे का, मांडीवर घ्यायचे का, हे तिला विचारावे, आणि तिचे उत्तर दोन तासांनी बदलले तरी चालेल असेही सांगावे. आमच्या मुलीने आईच्या जुन्या सुती लुगड्याचे दुपटे हाताने शिवले होते. तिने बाळाला त्यात गुंडाळून दिले आणि उरलेला वीतभर तुकडा स्वतःजवळ ठेवला. अशी वस्तू बाळासोबत देता येईल का, हे समितीला किंवा दत्तक संस्थेला आधीच विचारून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापायला बसली आणि पिठावर दुधाचे थेंब पडले. आमच्यापैकी कोणीही तिला याची कल्पना दिली नव्हती. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येते, मांडीवर बाळ असो वा नसो. छाती दगडासारखी कडक होते आणि ठणकते. अशा वेळी नीट आधार देणारे आतले कपडे घालावेत, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि फार ताण वाटल्यास दिलासा मिळण्यापुरतेच दूध काढावे. पूर्ण पिळून काढल्यास ते आणखी भरते. फडक्याने छाती करकचून बांधू नये. डिंकाचे लाडू जरूर द्यावेत, पण अळीव आणि शेपू असे परंपरेने दूध वाढण्यासाठी दिले जाणारे पदार्थ बाजूला ठेवावेत. खोली बंद करून शेगडीचा धूर कोंडू नये. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव किंवा एका पायाला दुखरी सूज दिसली, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे आणि येथे तर दुःखाचे कारणही खरे आहे. तिला रडू द्यावे. ‘तू अजून लहान आहेस, पुढे होतील मुले’ हे वाक्य मी तिला बोलले होते आणि त्यानंतर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. एका बाळाच्या जागी दुसरे येत नाही, हे मला समजायला हवे होते. झोप उडणे, जेवण तुटणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांनंतरही चालू राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर केव्हाही बोलता येते. ती जीव देण्याची भाषा करू लागली, तर तिला क्षणभरही एकटी न ठेवता दवाखाना गाठावा.

गल्लीतील विचारपूस चुकत नाही. काय सांगायचे ते तिनेच ठरवावे आणि घरातील सर्वांनी तेच एक वाक्य बोलावे. ‘बाळ गेले’ असे मात्र सांगू नये. लोक सांत्वनाला येतात आणि जिवंत लेकराचा शोक तिला चारचौघांत करावा लागतो. ‘तो आमच्या घरचा विषय आहे’ एवढे उत्तर पुरे आहे.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येईल आणि माहेरवाशिणी लेकरे कडेवर घेऊन येतील. तिलाही आणायला नेहमीप्रमाणे मुराळी पाठवावा. झोक्यावर गाणी सुरू झाल्यावर ती उठून आत गेली, तर तिला बोलवायला पोरे पाठवू नयेत. घरातील एकीने आत जाऊन तिच्याजवळ बसावे. बाळाच्या जन्माची तारीखही लक्षात ठेवावी. त्या दिवशी सकाळी तिला फोन करावा आणि ती बाळाविषयी बोलू लागली तर विषय बदलू नये.