गुणवंतांचा सत्कार ठेवताय? या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरात समाजमंडळं, तरुण मंडळं, पतसंस्था गुणवंतांचे सत्कार ठेवतात. मुलाच्या वाट्याला व्यासपीठावर जेमतेम अर्धा मिनिट येतो. तेवढाच तरी नीट मिळायला हवा.

सगळ्यात मोठी चूक नावाची. यादी बहुतेक वेळा गुणपत्रिकेवरून होते. तिथे आडनाव आधी आणि इंग्रजी अक्षरांत असतं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांच्या आपल्या गावात त्यावरून अंदाजाने देवनागरी लिहिलं की बोल्लीचं 'बोली' होतं, गड्डमचं 'गडम'. प्रमाणपत्र चुकलं की ते घरी लावताही येत नाही. म्हणून अर्जावरच देवनागरीतलं नाव पालकांच्या हाताने लिहून घ्या. स्मृतिचिन्हावर नाव कोरायचं असेल तर छापण्याआधी नमुना पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून होकार घ्या. निवेदकाने यादी आदल्या दिवशी मोठ्याने वाचावी, अडलेलं नाव फोन करून विचारावं. पाच-सहा कोरी प्रमाणपत्रं आणि बऱ्या अक्षराचा माणूस हाताशी ठेवा.

दुसरा घोळ गैरहजर मुलांमुळे होतो. बाराव्या क्रमांकाचा मुलगा आलेला नसतो, पण त्याचं प्रमाणपत्र गठ्ठ्यात तसंच राहतं. तेराव्याच्या हातात बाराव्याचं पडतं आणि पुढची सगळी रांग चुकते. उपाय सोपा आहे: तासभर आधी नोंदणीचं टेबल लावा. हजेरी लागली की मुलाला क्रमांकाची चिठ्ठी द्या आणि त्याच क्रमाने बसवा. कार्यक्रम सुरू होण्याआधी गैरहजरांची प्रमाणपत्रं वेगळ्या पाकिटात काढा आणि निवेदकाच्या यादीतही खूण करा. उशिरा आलेल्यांना मध्येच घुसवू नका, शेवटी घ्या.

वेळेचं गणित कागदावर मांडा. एका मुलाला ४० सेकंद धरले तर ६० मुलांना ४० मिनिटं लागतात. हा वेळ खातो तो मान्यवरांचा सत्कार. शाल-श्रीफळ, हार, मग प्रत्येकाचं मनोगत, असा तास निघून जातो आणि मुलं खाली ताटकळतात. मान्यवरांचा सत्कार १० मिनिटांत उरका, भाषण एकाचंच ठेवा आणि तेही मुलांच्या सत्कारानंतर. फेटे बांधणार असाल तर एका फेट्याला तीन मिनिटं धरा. ५० फेट्यांना एका माणसाला अडीच तास लागतील, तेव्हा दोघं-तिघं बोलवा. भेट म्हणून सोलापुरी चादर उत्तमच, पण ती जड असते. व्यासपीठावर टॉवेल द्या, चादर परत जाताना नोंदणीच्या टेबलावरून.

राज्य मंडळाचे दहावीचे टक्के उत्तम पाच विषयांच्या, म्हणजे ५०० गुणांवर काढलेले असतात. सीबीएसईची मुलं त्याच क्रमवारीत घातली की वाद होतो. मंडळनिहाय याद्या करा. खेळ, एनसीसी, स्काऊटमधल्या मुलांना टक्क्यांच्या रांगेत शेवटी ढकलू नका, त्यांचा विभाग वेगळा आणि आधी घ्या.

उन्हाळ्यात सभागृहातले पंखे जोरात असतात, त्यामुळे समई पेटत नाही. वाती आधीच तेलात भिजवून टोकाला कापूर लावा आणि तेवढा वेळ व्यासपीठावरचे पंखे बंद करा.

फोटोसाठी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. प्रमाणपत्राची छापील बाजू कॅमेऱ्याकडे धरायची हे मुलांना आणि पाहुण्यांनाही आधी सांगा. पालकांना मोबाइलवर फोटो काढायला व्यासपीठासमोर एक कोपरा राखून ठेवा, नाहीतर पहिल्या नावापासूनच छायाचित्रकारापुढे गर्दी होते.