सेमिनरी हिल्सला गटाने जाण्याआधी

नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर म्हणजे जखमी वन्यप्राण्यांचा दवाखाना. तिकीट काढून आत शिरता येत नाही; नुसते प्राणी पाहायचे असतील तर गोरेवाड्याची सफारी बरी. इथे यायचं तर दोन-तीन आठवडे आधी वनविभागाला लेखी अर्ज द्यावा, सोबत सगळ्यांची नावं, वयं आणि येण्याचं कारण. होकार येईपर्यंत बस ठरवू नये. एका वेळी दहा-बाराच जणांची परवानगी मागावी. संक्रांतीचा आठवडा टाळा; मांजाने पंख कापलेल्या पक्ष्यांचीच तेव्हा रांग असते.

सगळ्यात जास्त लक्ष चपला-बुटांकडे द्यायचं. 2024 च्या डिसेंबरअखेर गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. म्हणून घरी कोंबड्या असतील किंवा आदल्या दिवशी चिकनच्या दुकानात पाय पडला असेल, तर ते बूट घालू नयेत. (रात्री सावजी खाल्लं त्याचं काही नाही, फक्त हात धुवा.) बंद बूट घ्या आणि तळवे घरीच ब्रशने घासून या. दाराशी जंतुनाशकात पाय बुडवायला लावतील, पण तळव्याला चिखल असला की औषध त्या चिखलातच खर्ची पडतं. सर्दी-खोकला असलेल्याने घरीच थांबावं, माणसाचा संसर्ग माकडांना सहज होतो.

कपडे मळकट हिरवे किंवा खाकी. अत्तर, पैंजण, खुळखुळत्या बांगड्या नकोत. फोन सायलेंट, फ्लॅश बंद, फोटो विचारूनच. पिंजऱ्याशी टक लावून उभं राहू नये. पळायला जागा नसलेल्या हरणाची भीतीने इतकी धडपड होते की स्नायू निकामी होऊन ते दगावतं. पिल्लांना चुचकारणंही नको, माणसाला सरावलेलं पिल्लू जंगलात टिकत नाही.

काही न्यायचंच असेल तर आधी फोन करून विचारा. जुन्या सुती चादरी, वर्तमानपत्रं, खोकी सहसा कामी येतात. टर्किशचे टॉवेल मात्र नकोत, त्यांच्या फासांत पक्ष्यांची नखं अडकतात. पाव, दूध, बिस्किटं घरीच ठेवा.

तर्री-पोहे बाहेर उरकून घ्या, आत खाणं नाही. माणशी लिटरभर पाणी बसमध्ये ठेवा. ड्रायव्हरला हॉर्न न वाजवण्याचं आधीच बजावा. हे हमखास राहून जातं. आणि वाटेत जखमी प्राणी दिसला तर उचलून बसमध्ये घेऊ नका, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावा.